चौघांचा डाव, दोघं खेळणारे

पोराची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि त्याच सुमाराला माझी बायको गेली. मग सामानाबरोबर मलाही इथं आणलं. फ्रिज कुठं ठेवायचा ते आधीच ठरलं होतं. माझं अजून ठरतंय.

बालीगंजच्या या फ्लॅटात माझी फार काळजी घेतात. इतकी, की हिचं नावसुद्धा कुणी काढत नाही. फोटो सूनबाईनं कपाटात ठेवलाय, का तर आप्पांना त्रास होतो. जन्मभर जिनं माझं डोकं खाल्लं, तिचा फोटो बघून मला त्रास होणार! जेवायला बसलो की हवापाण्यावर बोलतात. आमटी हिच्यासारखी झाली तरी कुणी तसं म्हणत नाही. तशी ती होत नाही, तो भाग निराळा.

खालच्या मजल्यावर एक बंगाली म्हातारा राहतो. लग्नच केलं नाही, त्यामुळे तब्येत चांगली. आपल्याकडे पंखा लावून झोपतील अशा थंडीत हा गळ्यापर्यंत कानटोपी ओढून बसतो. सकाळी पोटाच्या तक्रारी सांगतो, दुपारी मासळीचं कौतुक, आणि मासळी खाल्ली म्हणून संध्याकाळी पुन्हा पोट. मी त्याला दादा म्हणतो, तो मला दादा म्हणतो. दोघांनाही समोरचाच म्हातारा वाटतो. त्याला मराठी येत नाही, मला बंगाली येत नाही, म्हणून दोघं मिळून हिंदीची चामडी सोलतो.

त्यानं मला ट्वेंटी-नाइन हा पत्त्यांचा डाव शिकवला. आमच्या गावच्या तीनशेचारचा चुलतभाऊ. गुलाम सगळ्यांत मोठा, राजा-राणी रिकामटेकडे. मी चौथी शिकलेला गॅरेजमेस्त्री, आयुष्य लोकांच्या गाड्यांखाली पाठीवर काढलं. असला खेळ मला आवडणारच.

पण खेळायला चार माणसं लागतात, आणि या इमारतीत मोबाइल खाली ठेवणारी दोनच. तेव्हा म्हाताऱ्यानं तोड काढली. चार वाटण्या करायच्या. त्याचा भिडू त्याचा मोठा भाऊ, माझी भिडू ही. दोघंही वर गेलेली, म्हणजे वेळेला हजर. आपल्या भिडूचे पत्ते आपण उचलायचे, पण खेळायचं त्याच्या अकलेनं, आपल्या नाही.

इथंच माझं दिवाळं वाजलं. गावी दुपारी अंगणात डाव बसायचा तेव्हा हिची एक खोड होती. हातात एक गुलाम दिसला की बोली आभाळाला. बाकी हातात कचरा असो, ही मागं हटायची नाही. हरली की पत्ते फेकून म्हणायची, "वाटणाराचा हातच दळभद्री." वाटणारा बहुतेक मीच.

एकदा तिच्या वाटणीत चौकटचा गुलाम आणि बाकी भाजीपाला आला. मी गुपचूप पास म्हटलं. म्हाताऱ्यानं टोपी वर सरकवली.

"दादा, चोरी मत करो. बौदी पास नहीं बोलेगा."

बौदी म्हणजे वहिनी. त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. तरी मला एकवीस गुणांची बोली करायला लावली, आणि आम्ही नवरा-बायको सडकून हरलो. मी तिच्या रिकाम्या खुर्चीवर खेकसलो, "मेलीस तरी अक्कल आली नाही!"

नेमका तेव्हाच पोरगा मला जेवायला बोलवायला आला होता. दारात उभा राहून त्यानं आई नसलेली खुर्ची बघितली, तिच्यासमोरचे पत्ते बघितले, माझं तोंड बघितलं. जेवायला बोलवायचं विसरून तसाच वर गेला.

रात्री म्हणाला, "आप्पा, पुण्याला ताईकडे थोडे दिवस जाऊन या. तिकीट काढतो." सूनबाईनं मान डोलावली. डोक्याच्या चांगल्या डॉक्टरचं नावही पुण्याहून आलं होतं. थोडे दिवस म्हणजे किती, हे म्हाताऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. लेकीकडे बागा आहेत, लिफ्ट आहे, योगासनं आहेत. हिला शिव्या द्यायला जागा नाही.

मी खाली जाऊन सांगितलं. म्हाताऱ्यानं गॅसची गोळी चघळली आणि म्हणाला, "रविवार को बेटा घर में होगा?"

रविवारी तो कानटोपीसकट आमच्या हॉलमध्ये येऊन बसला. चार वाटण्या केल्या आणि पोराला माझ्यासमोर बसवलं.

"तुम माँ का हात खेलो."

"काका, मेरे पास टाइम..."

"बोली बोलो."

पोरानं चार पानं उचलली. मला ओझरतं दिसलं, एक गुलाम होता. बँकेचा माणूस, जोखीम बघून म्हणाला, "पास."

"बौदी पास नहीं बोलता है," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही आईला कुठं बघितलंय?" पोरगा मराठीतच म्हणाला, जरा चिडून.

म्हाताऱ्याला शब्द कळले नसतील. त्यानं बोटानं पोराच्या हातातले पत्ते दाखवले. पोरानं पुन्हा पत्त्यांकडे पाहिलं. लहानपणी आईच्या मांडीला टेकून तो तिचे पत्ते बघायचा, गुलाम आला की आधी तोच ओरडायचा आणि डाव फोडायचा.

"एकवीस," तो म्हणाला.

हरलो. धड एक हात आला नाही. पोरानं पत्ते टेबलावर फेकले. "वाटणाराचा हातच दळभद्री!"

आतून सूनबाई धावत आली, तिला वाटलं भांडण झालं. पोरगा तोंड फिरवून खिडकीशी गेला आणि बराच वेळ रस्त्यावरच्या टॅक्स्या बघत राहिला. त्याला टॅक्सीत इतका रस कधीपासून, मी विचारलं नाही.

तिकिटाचं नाव मग कुणी काढलं नाही. फोटो कपाटातून बाहेर आला, फ्रिजवर बसला. म्हणजे फ्रिजचीच जागा तिला मिळाली.

आता रविवारी पोरगा आईच्या जागी बसतो आणि तिच्यासारखाच हरतो. म्हाताऱ्याच्या भावाला हे मान्य नाही म्हणे, जिवंत माणूस घेणं म्हणजे लबाडी. इतर दिवशी तिचे पत्ते मीच उचलतो. काल तिला दोन गुलाम आले. काय बोलली असेल, विचारू नका.