लोटूची बत्ती गेली

जानेवारीतलं धुकं सुरतेच्या गोडादऱ्यावर ओल्या गोधडीसारखं पसरलेलं, आणि लोटू सकाळपाळीत लूमवर बॉबिन बदलत होता. लहानपणी तापात त्याचे कान गेले, पण कारखान्यात काही अडलं नाही. खडखडाटात कानवाले कारागीरही हातानंच बोलत. त्यांच्यात लोटू सगळ्यात मोठा बडबड्या. त्या दिवशी मात्र सुताचा बीम, तो जडशीळ रूळ, उचलताना जांघेतली गाठ अशी फुगली, की त्यानं दोन्ही हातांनी शिवी दिली.

सरकारी दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. पुरुषांच्या वॉर्डात बायकोला, वत्सलाला, राहू देईनात. लोटूला ओठ वाचता येत, पण अहिराणीचे. सिस्टर बोलायची गुजराती, तेही तोंडाला फडकं बांधून. ऑपरेशनच्या सकाळी तिनं बोटं तोंडाशी नेली आणि पंजा हलवला: खायचं नाही.

लूमवर पंजा हलवला म्हणजे बत्ती गेली. बत्ती गेली की मशीन बंद, चला नाश्त्याला! लोटूनं शेजारच्या खाटेवरच्या काकांचा डाळीचा मऊ लोचो चाटूनपुसून खाल्ला.

"केम खाधुं? ना पाडी हती ने!" सिस्टर किंचाळली. ऑपरेशन रद्द.

पुढच्या खेपेला तिनं पंजा जास्तच जोरात हलवला. लोटूला वाटलं, अख्ख्या सुरतेची गेली. त्यानं लोचोवर जिलेबीही हाणली.

"अब खाया तो छुट्टी! गाठ लेके घर जाव!" डॉक्टर कडाडले.

भेटीच्या वेळी सिस्टरनं तो पंजा वत्सलाला करून दाखवला. वत्सलानं कपाळ बडवलं. तीही त्याच कारखान्यात बॉबिन भरायची. "ओ बेन, तुमीन त्यास्ले बत्ती गयी सांगं!" मग तिनं दोन बोटं एकमेकांत अडकवून फटकन सोडवली. लूमवर याचा अर्थ सुताची तार तुटली. म्हणजे जोडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

सकाळी सिस्टरनं तोंडाशी तार तोडली. लोटूनं थुंकीसुद्धा गिळली नाही. ऑपरेशन झालं.

पण नंतर चहा आला तरी लोटूचे ओठ घट्ट मिटलेले.

"पी ले, काका!" सिस्टर त्याला विनवू लागली.

लोटू मान हलवी. शेवटी वत्सला आली. "बेन, तार तुमीनच तोडी, आते तुमीनच जोडा!"

सिस्टरनं हवेत गाठ मारली. लोटूनं ती निरखली आणि हातानं सांगितलं, सैल आहे. सगळा वॉर्ड हसत असताना बिचारीनं पुन्हा आवळून मारली. तेव्हा कुठे कप तोंडाला लागला.

घरी वजन उचलायची मनाई होती. वत्सलानं तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढ्यात सरकवलं. शेंगा सोलण्यात बोलायचे हातच गुंतले, आणि बडबड्या लोटू गप्प झाला.