बर्फातल्या बाईला कॅप्टन काय म्हणाला

दुपारचे तीन वाजलेत. जेवण अंगावर आलंय आणि शुभदा तोडकर खुर्चीतच पेंगते आहे. समोर पडद्यावर अवकाशयानाचा कॅप्टन अर्धवट तोंड उघडून थांबलाय. त्याला तिनेच थांबवलंय. चाळीस वर्षांपूर्वीची ही इंग्रजी मालिका आता मराठी सबटायटल्ससह पुन्हा येणार आहे. ती लिहायचं काम शुभदाकडे आहे, आणि अकरावा भाग सकाळपासून जागचा हलत नाही.

अडचण भाषेची नाही, आप्पांची आहे. आप्पा म्हणजे तिचे वडील, विट्याच्या एका हायस्कुलातले प्रयोगशाळेचे शिपाई. गल्लीत टीव्ही एकट्या देसाई काकूंकडे. रविवारी संध्याकाळी ही मालिका लागली, की त्यांच्या माजघरात पंधरावीस माणसं दाटीवाटीने बसायची आणि आप्पा टीव्हीशेजारी उभे राहून सगळं मराठीत सांगायचे. स्वतः सातवी पास. पण त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

या भागात एक बाई बर्फाच्या ग्रहावर मागे राहते. यानाला तिच्यासाठी उतरता येत नाही. आप्पांचा कॅप्टन तिला रेडिओवर म्हणाला होता, "मी काही परत येत नाही. तू वाट बघू नकोस." सात वर्षांच्या शुभदाला तो कॅप्टन फार आवडला होता. आज सकाळी बघते तर मूळ कॅप्टन मेला म्हणतोय, मी परत येईन, वाट बघ. पाचवीतल्या पोराला कळेल असं सरळ इंग्रजी.

म्हणजे आप्पांना कळलंच नव्हतं की काय? शुभदा तेरा वर्षांची असताना, नवंनवं इंग्रजी अंगात आलेलं असताना, तिनेच भर खोलीत त्यांची एक चूक काढली होती. सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर आप्पांनी कधीच मराठी करून सांगितलं नाही. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. विचारायचं ते राहूनच गेलं, आणि ते तिला आज सकाळपासून खातंय.

डोळा लागतो.

कॅप्टन तोंड मिटतो आणि शहाण्यासारखा बाजूला सरकतो. त्याच्या जागी आप्पा उभे आहेत. खाकी शर्ट, खांद्यावर काचा पुसायचं फडकं. मेल्याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसत नाही.

"पुढं घे की," ते म्हणतात. "बाया खोळंबल्यात."

शुभदा मागे वळते. तिच्या पुण्यातल्या खोलीत देसाई काकूंचं माजघर भरून बसलंय. भिंतींना मात्र प्रयोगशाळेची कपाटं आहेत, आणि टेबलांवर बर्फ साचलाय. कुणालाही थंडी वाजत नाही. आपल्याला तरी वाजतेय का, हे ती जरा तपासून बघते. नाही.

"आप्पा, तो काय म्हणतोय ते तुम्हाला कळलं होतं?"

आप्पा हातातली बाटली तिच्यापुढे धरतात. तिच्यावरच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलंय, जागेवर परत ठेवा.

"प्रत्येक बाटलीवर हेच. तीस वर्षं पुसतोय मी," ते म्हणतात. "परत या शब्दाचं इंग्रजी मला येत नसंल व्हय?"

"मग उलटं का सांगितलंत?"

ते बाटली ठेवायला कपाट उघडतात. आत खण नाहीत, पांढरं माळरान आहे, आणि त्यावर वत्सला आत्या पाय पोटाशी घेऊन बसली आहे. आप्पांची धाकटी बहीण. नवऱ्याने तिला चार दिवसांसाठी म्हणून भावाकडे आणून सोडलं आणि रविवारी न्यायला येतो म्हणून तो गेला. पुढे दोन वर्षं दर रविवारी आत्या त्याच्यासाठी जेवायची थांबायची. सांगलीची शेवटची एसटी येऊन रिकामी झाली, की घोटभर ताक पिऊन झोपायची. शुभदाला हे सगळं माहीत होतं. पण मालिका एकीकडे आणि आत्या एकीकडे, असंच तिच्या डोक्यात राहिलं होतं.

"तुला त्यो कॅप्टन दिसत होता," आप्पा म्हणतात. "मला म्होरं बसलेली ही दिसत होती."

मग मी आता काय लिहू, असं ती विचारते. आप्पा सांगतात, तो म्हणतोय तेच लिही. तुझ्यापुढे कोण बसलंय ते तुला दिसत नाही, तेव्हा उगाच शहाणपणा करू नकोस. माजघर हळूहळू रिकामं होतंय. एक प्रश्न उरलाय, आणि तो विचारताना शुभदाला रडू येतं.

"मी हसले म्हणून थांबलात ना?"

आप्पा तिचा चष्मा काढून घेतात, फडक्याने सावकाश पुसतात.

"तुला यायला लागलं होतं की. मग दोघांनी कशाला बोलायचं?"

हे खरं, की तिच्याकडे बघून हेही त्यांनी उलटं करून सांगितलं? चष्म्याशिवाय तिला त्यांचा चेहरा नीट दिसत नाही. ते कपाटात वाकून आत्याला काहीतरी म्हणतात. ऐकायला ती पुढे झुकते, आणि झुकताना तिची मान झटका खाते.

चष्मा नाकावरच आहे. घसा कोरडा पडलाय. कॅप्टन पुन्हा तोंड अर्धवट उघडून थांबलाय. बोललेलं आपोआप टाइप करून घेणारा माइक मात्र झोपेपूर्वी बंद करायचा राहून गेलाय. शुभदाचे सगळे प्रश्न पडद्यावर ओळीने उमटलेत. उत्तरं कुठेच नाहीत. त्यांच्या खाली, कॅप्टन बोलून झाल्यावर जिथे बारा सेकंद नुसता बर्फ पडतो आणि कुणीच काही बोलत नाही, तिथे एक ओळ आहे.

वत्सी, ताट घे.

आत्याला वत्सी म्हणणारा घरात एकच माणूस होता. हा भाग लागला त्या रविवारी आत्या एसटीची वाट न बघता सगळ्यांबरोबर जेवायला बसली होती.

शुभदाने कॅप्टनच्या ओळीत तो म्हणाला तेच लिहिलं, मी परत येईन, वाट बघ. मग आपले प्रश्न एकेक करून पुसले. शेवटची ओळही ठेवता येणार नव्हती. गप्प बसलेल्या माणसांना सबटायटल देत नाहीत. पुसण्याआधी तिने ती एकदा मोठ्याने वाचली, आणि माइक चालूच असल्यामुळे ती खाली पुन्हा उमटली.