दारावरचा मेनू

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या आमच्या शेजाऱ्याला हॉटेलात जेवायला आवडत नाही, पण हॉटेलच्या दारावरचा मेनू वाचायला फार आवडतं. कुठेही फिरायला गेलो की पाठीमागे हात बांधून तो काचेसमोर उभा राहतो आणि शिलालेख वाचावा तसा वाचतो. “‘मंद आचेवर शिजवलेला फ्लॉवर.’ म्हणजे गॅस बारीक ठेवला, एवढंच ना?” मग बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी.

परवा त्याच्या गाडीतून बाथ शहर बघायला गेलो. नागपूरहून आलेली माझी आई सोबत होती. तिला एकदा तरी पांढऱ्या टेबलक्लॉथवर साहेबासारखं जेवायचं होतं. तिच्यासाठी तोही मुकाट आत आला. नॅपकिन मांडीवर पसरल्यावर आईला आठवलं, आज एकादशी. तिचा चेहरा उतरला.

“तुम्ही जेवा रे. मी नुसती बसते.”

शेजारी उठून थेट किचनच्या दारापर्यंत गेला, कुणाशी तरी बराच वेळ बोलला आणि परत आला. “काकू, सालासकट भाजलेला बटाटा देतायत, वर नुसतं लोणी. दोन सांगितलेत.”

“दोन कशाला?”

“माझीही एकादशी आहे ना. आमच्याकडे कडक असते.”

आई माझ्याकडे वळली. “बघ! शीक जरा याच्याकडून.”

सकाळी मोटरवेवरच्या खाण्याच्या थांब्यावर, आई गाडीत झोपलेली असताना, त्याने माझ्यासमोर बेकन सँडविच खाल्लं होतं. आता तो एकाग्रतेने मीठदाणी न्याहाळत होता.

वेटर माझी ऑर्डर घ्यायला आला. मी तिसरा बटाटा मागवला.