राणी विहिरीत पडली तिथून पुढं

बायकोच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पोरीनं हात जोडले, "माय, बाबाले मी सांभाळीन." तिच्या मामानं काही कबूल केलं. कावळे झाडावरच. ऊन चढत होतं, पाय भाजत होते. मग माझ्याच तोंडून निघालं, "तुही मोबाइलवरची शिरेल मी पुरी पाहीन. राणीचं काय झालं ते तुले सांगीन."

मागं कोणी तरी हसलं. कावळा उतरला.

आजारपणात म्हातारी मोबाइलवर राजा-राणीची जादूची नाटकं पाहायची. इवले इवले भाग, चिनी तोंडं, बोलणं हिंदी. मला संताप यायचा.

"काय पाहून राहिली व?"

"तुमी गप बसा ना जी, सवत तिले विहिरीत ढकलून राहिली!"

तेवढ्यावरच तिचं पाहणं थांबलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, ती परत आली नाही.

कबूल केलं होतं, म्हणून अमरावतीच्या घरी एकटाच पाहायला बसलो. बसलो कुठला, उभाच. चहा गाळेपर्यंत एक भाग संपतो. हात उगारला की थांबलं. तलवार मानेला टेकली की थांबलं. आता मारते का सोडते, म्हणून पुढचा लावायचा. एकदा टाकी भरून पाणी रस्त्यावर गेलं, मला पत्ता नाही. त्या शिरेलीत कोणी सैपाक करत नाही, कोणी खोकत नाही, झोपतातही भरजरी घालून. अन् मेलेलं माणूस परत येतं. खोटं आहे हे मले समजते, शाळा कमी शिकलो म्हणून अक्कल कमी नाही. पण राणी विहिरीतून वर आली तेव्हा छाती अशी धडधडली की अंगणात जाऊन उभा राहिलो.

शेवटचा भाग उरला, तर लावायला हात होईना. उगाच बाजारात गेलो, रिकाम्या पिशवीनं परत आलो. तो पाहिला की तिचं कोणतंच काम माझ्याकडं उरणार नव्हतं.

शेवटी पाहिला. तिच्या फोटोपुढं उभं राहून सगळं सांगितलं. तेवढ्यात अकोल्याहून पोरीचा फोन.

"झालं का बाबा पाहून? आता बरं वाटते ना?"

"कायचं बरं! सवतीचं ऐकणारा तो राजा रडला अन् राणीनं लगेच माफ केलं. तुह्या मायनं केलं असतं काय?"

"माय? मायनं तं त्याले अजून विहिरीपाशीच उभा ठेवला असता."

पोरगी हसली, मग रडायला लागली. मी फोन कानाला लावून घरभर फिरत राहिलो.