दिव्याखालच्या हिरव्या टेकड्या

मीटरवालीचे वडील तीस वर्षं सिनेमाच्या थिएटरात रीळ चढवायचे. पडद्यावरचा उजेड केसभर हलला तरी डुलकीतून खडबडून उठायचे. आता खाटेवर पडल्या पडल्या ते छताच्या नव्या दिव्याकडे बोट दाखवत. "थरथरतोय बघ. बंद करा."

बाकी कुणालाच काही दिसेना.

थोरला मुलगा वैतागला. "म्हातारपणाचे चाळे! सोमवारची चिठ्ठी काढलीय डॉक्टरांची. डोक्याची गोळी चालू करून टाकू."

"थांब रे दादा. आधी दिव्याला विचारू," मीटरवाली म्हणाली.

तिनं आपल्या वीजयंत्रं दुरुस्तीच्या दुकानातला ऑसिलोस्कोप आणला. विजेची चाल काचेवर रेघ ओढून दाखवणारं ते जुनं धूड स्टुलावर ठेवलं. यंत्राचाच एक पाय आखूड, म्हणून सारखं डुगडुगे. पडदे ओढून मोडक्या कॅल्क्युलेटरची उजेडावर चालणारी पट्टी दिव्याखाली धरली, तिला प्रोबची, म्हणजे यंत्राच्या मोजायच्या दांडीची, तार लावली. अंधारात हिरवी रेघ उमटली, वारा पडल्यावरच्या तळ्यासारखी सपाट.

"झालं समाधान?" दादा म्हणाला.

वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. यंत्रानंच बापाला खोटं पाडलं होतं.

तार गुंडाळताना अंगठा प्रोबवरच्या इवल्याशा खटक्याला लागला. दहावर! सकाळी विजेचा मोठा दाब मोजताना तिनंच सरकवलेला. तसा असला की लाट दहा पट खुजी दिसते. या चुकीपायी तिनं शिकाऊंना फाडून खाल्लं होतं.

स्वतःला एक शिवी हासडून तिनं पट्टी पुन्हा धरली, खटका एकवर आणला.

रेघ फुगली. हिरव्या टेकड्या एकीमागून एक उगवल्या, संथ, झोपेत चालल्यागत. दिवा सेकंदाला शंभरदा मंदावत, उजळत होता. खोलीच पाण्याखाली गेल्यासारखी वाटली. वडील कोपरावर उठले.

"हेच. हेच भिंतीवर दिसतं मला."

"मग मला का दिसत नाही?" दादानं विचारलं.

"तू सिनेमाला येऊन घोरायचास," म्हातारा म्हणाला.

दादानं स्वयंपाकघरातला जुना दिवा काढून छताला लावला. टेकड्या विरत विरत झोपल्या. म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

"ती सोमवारची चिठ्ठी दे इकडं," मीटरवाली म्हणाली.

तिनं ती चार घड्या घालून स्कोपच्या आखूड पायाखाली सरकवली. डुगडुग थांबली.