बोर्डापुढचं गाऱ्हाणं

देवी ऐकते, यावरचा माझा विश्वास त्या वर्षी उडत चालला होता. माझे यजमान फौजेत हवालदार. नव्व्याण्णव साली सीमेवर तोफेचा गोळा जवळ फुटला आणि त्यांच्या मेंदूला मार बसला. वरून जखम दिसत नव्हती. फौजेतून मोकळे होऊन ते अलोऱ्याजवळच्या आमच्या गावी आले, पण विहिरीवर गेले की परतीची वाट विसरत. भर दुपारी भिंतीला पाठ लावून थरथरत बसत. फौजेच्या मेडिकल बोर्डाने मात्र अपंगत्व नावापुरतंच धरलं होतं. बोर्डापुढे ताठ उभे राहून त्यांनी प्रत्येक प्रश्नाला 'ठीक है, साब' म्हटलं. माझं सांगणं कोणी मनावर घेतलं नाही. बायको तसं म्हणणारच.

मी अपील केलं. फेरतपासणीला पुण्याला निघताना गुरवांनी ग्रामदेवीला गाऱ्हाणं घातलं. मी मनात एवढंच मागितलं, आई, आज ह्यांना माझ्याजवळून हलू देऊ नकोस.

रुग्णालयात मी पाणी आणायला वळले आणि हे नाहीसे झाले. सगळे व्हरांडे धुंडाळले. नाव पुकारलं तेव्हा मी एकटीच बोर्डापुढे उभी होते. देवीने एवढंसुद्धा ऐकलं नाही, असं वाटलं.

तोच बुरख्यातली एक म्हातारी दार ढकलून आत आली. ह्यांनी तिचा हात घट्ट धरला होता. ती पूर्णगडची, म्हणजे आमच्याच मुलखातली, आणि तिचा मुलगाही तिथेच दाखल होता, हे मला मागाहून कळलं.

"हा कोणाचा माणूस?" ती म्हणाली. "माझं गावाकडचं बोलणं ऐकलंन आणि मागेच लागला. आई म्हणतो, घरी चल म्हणतो. किती समजावलं, मी तुझी आई नव्हे."

"तुम्ही यांच्या कोण?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा."

डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं आणि सगळं विचारून घेतलं. सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली, तेही.

अपील मान्य झालं, पेन्शन वाढली. पण हे आता सुधारणार नाहीत, असंही डॉक्टरांनी सांगितलं.

मी मागितलं त्याच्या उलट घडलं, आणि त्यातूनच आमचं काम झालं. त्या माउलीला देवीनेच धाडलं, हे मी कोणाला पटवायला जात नाही. फक्त आता देवळात गेले की काही मागत नाही. हे शेजारी उभे असतात. कधी विचारतात, "हे कोणाचं देऊळ?" आपल्याच देवीचं, मी सांगते. मग हे शहाण्यासारखे हात जोडतात, आणि मीही.