रुपयावरच्या सिंहांची आंघोळ

आधी चहाचे कप खाली ठेवा, नाहीतर सांडाल. मी फार कमी बोलते हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्या दिवशी तोंड उघडून एक प्रश्न विचारला असता, तर हे सांगायची पाळीच आली नसती!

आमचे गाव सालेकशाकडचे. शाळेसाठी मी गोंदियाला मामांकडे राहते. मामा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, आणि छंद नाण्यांचा. मलाही त्यांनीच तो लावला. बाजारातून सुटे पैसे आले की मी एकेक नाणे डोळ्यांजवळ धरून बघायची. दाढीवाल्या राजाच्या दाढीचे केस दिसले, तर पहिला वर्ग. दाढी सपाट झाली, तर दुसरा. राजा आहे की भोपळा हेच कळेना, तर तिसरा! अशा पुड्या बांधून मी एका विडीच्या डब्यात ठेवल्या होत्या.

मामांचा जीव मात्र एकाच रुपयावर. मुंबईच्या टांकसाळीत संग्राहकांसाठी खास पाडलेला, बाजाराचे तोंडही न पाहिलेला. नागपूरच्या प्रदर्शनासाठी नाणी निवडायला तिकडचे एक काका रविवारी येणार होते.

"रुपया पास झाला का तुलेबी नागपूरले नेतो," मामा म्हणाले.

नागपूर! मी तर मनातल्या मनात वेणी घालून तयारसुद्धा झाले.

रविवारी सकाळी मामी म्हणाली, "पाहुणा येऊन राहिला. सारं घासून लख्ख कर वं."

सारं म्हणजे सारं ना? तांब्या झाला, ताटे झाली, समई झाली. मग मी रुपयाची डबी उघडली. पाहते तर काय! अशोकस्तंभाच्या सिंहांमागची सपाट जागा आरशासारखी, माझे नाक दिसत होते तिच्यात. सिंह मात्र पांढुरके, धूळ बसल्यासारखे. माझ्या हिशोबाने सरळ दुसरा वर्ग! मामांना हे दिसले कसे नाही? पण विचारायची लाज वाटली. मग काय, चुलीची राख, धानाच्या तणशीचा बोळा, आणि घास की घास! सिंह असे चमकले की मला वाटले, आता डरकाळीच फोडतील.

काकांनी डबी उघडली, भिंग लावले. मी दारामागे शाबासकीची वाट पाहत उभी.

"याला आंघोळ कोणी घातली?"

"आंघोळ?" मामांनी भिंग जवळजवळ हिसकावलेच. "अरे देवा! कायले घासला वं तू?"

"सिंह मळले होते," मी दारालाच सांगितले.

"मळले नव्हते, बाई," काका म्हणाले. "टांकसाळीनं मुद्दाम तसे ठेवले होते. मागं आरसा आणि वर दंव पडल्यासारखे सिंह, हीच याची शान. चालू नाणं किती झिजलं ते पाहतात. हे कोणाच्या हातातच जात नाही, तर झिजणार कुठून? इथं आरशावर ओरखडे किती, बोटाचा ठसा आहे का, हे पाहायचं. आणि तू तर नांगरच फिरवलास!"

उजेडात तिरपा धरला, तर खरेच रुपयावर रेघाच रेघा. मामांनी रुपया डबीत ठेवून झाकण लावले. ते ओरडले असते तर बरे वाटले असते. नागपूर तर गेलेच होते.

तेवढ्यात मामीने माझा विडीचा डबा पुढे केला. "पोरीचा डबा तरी पाहा जी."

काकांनी एकेक पुडी सोडली. भिंग खाली, भिंग वर. "हे वर्ग कोणी लावले?"

"त्याच दारामागच्या बाईनं," मामा म्हणाले.

"एकही चुकला नाही! माझं चालू नाण्यांचं टेबल रिकामंच आहे. हा डबा येईल, आणि डब्यासोबत ही."

"अन् मी जी?"

"तुम्ही डबा उचलायला या."

मामा इतके हसले की मीही दारामागून बाहेर आले.

नागपूरला काचेच्या पेटीत अगदी तसाच खास रुपया होता. मी हात पाठीमागे बांधले आणि वाकून, अगदी जवळून पाहिले. जरा मागे सरले, आणि दिसलेच! आरशावर गोल, पुसट डाग. जन्मात पहिल्यांदा मी चारचौघांत मोठ्याने बोलले, "काका, यावर ठसा आहे! हा पास होत नाही!"

माणसे गोळा झाली. काकांनी भिंग लावले, पाहिले, आणि खिशातून रुमाल काढून काच पुसली. डाग गेला.

"ठसा खरा होता," ते हळूच म्हणाले. "फक्त बोटाचा नव्हता."

मी गुपचूप नाक झाकले.